जॉली बॉय बेटावर एक दिवस : तयारी सगळी आदल्या दिवशीची

अंदमानला जाणारी बहुतेक मराठी माणसं सेल्युलर जेलसाठी जातात. विमान उतरतं तेही वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर. कोठडी पाहून होते, डोळे भरून येतात, आणि मग उरलेल्या दिवसांत 'प्रवाळ बघायला कुठे जायचं?' हा प्रश्न येतो. माझं उत्तर एकच असतं : जॉली बॉय. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे छोटं बेट आहे. तिथे वस्ती नाही, दुकान नाही, मुक्काम करता येत नाही. सकाळी जायचं, दोन-तीन तास थांबायचं आणि परत यायचं.

मी तिथे दोनदा गेले आहे, एकदा नवऱ्याबरोबर आणि एकदा सासूबाई व भाचरांना घेऊन. पहिल्या खेपेला वेळेचा मोठा भाग गोंधळातच गेला. दुसऱ्या खेपेला सगळं आदल्या रात्री ठरवलं होतं, म्हणून पूर्ण वेळ पाण्यात आणि पाण्याजवळ घालवता आला. तोच अनुभव इथे क्रमाने लिहिते आहे.

नावाबद्दल एक गोष्ट. हा 'बॉय' पोरगा या अर्थाचा नाही. समुद्रात तरंगता खुणेचा बोया असतो ना, त्याचा इंग्रजी शब्द या नावात आहे. बोलताना मात्र सगळे जॉली बॉयच म्हणतात.

१. आधी खात्री करा की तुम्ही याच बेटावर जाताय

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. माझ्या पहिल्या अंदमान सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत 'प्रवाळ बेट दर्शन' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात आम्हाला नॉर्थ बेला नेलं. नॉर्थ बे वाईट नाही. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेवरचा दीपस्तंभ तिथलाच. पण तिथे खाण्याच्या टपऱ्या आहेत, वॉटर स्पोर्ट्स आहेत, गर्दी आहे. आम्ही परतलो आणि मग कळलं की आम्हाला जे पाहायचं होतं ते पोर्ट ब्लेअर शहराच्या दुसऱ्या बाजूला, वंडूरला होतं; जॉली बॉयची बोट तिथल्या धक्क्यावरून सुटते.

म्हणून पैसे भरण्याआधी सहल कंपनीकडून 'जॉली बॉय' हे नाव लेखी घ्या. 'जॉली बॉय किंवा नॉर्थ बे' असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा नॉर्थ बे असाच निघतो. कंपनीच्या कार्यक्रमात नसेल तर एक मोकळा दिवस मागून घ्या आणि स्वतः जा. अवघड काहीच नाही.

२. महिना आणि वार

जॉली बॉय वर्षभर उघडं नसतं. साधारण नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत ते खुलं असतं. बाकीच्या काळात त्याला विश्रांती देतात आणि जवळचं रेड स्किन बेट उघडतात. म्हणजे पावसाळ्यात कुणी तुम्हाला जॉली बॉयचं आश्वासन देत असेल तर सावध व्हा. तारखा वर्षागणिक थोड्या मागेपुढे होतात, म्हणून विमानाची तिकिटं काढण्याआधी वनखात्याकडे विचारून घ्या.

सोमवारी उद्यान बंद असतं. हे एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर आमचा अख्खा दिवस वाचला असता. आम्ही आठवड्याचा बेत आखला, बरोबर सोमवार या बेटाला दिला, आणि आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवर कळलं.

आणखी एक सल्ला : सहलीच्या शेवटच्या दिवशी हे बेट ठेवू नका. वारा वाढला की बोटी सुटत नाहीत. मागे एखादा राखीव दिवस असला तर हळहळ राहत नाही.

३. परवाना आणि कागदपत्रं

बेट वनखात्याच्या ताब्यात आहे, त्यामुळे माणशी प्रवेश परवाना लागतो. बोटीचं भाडं त्याहून वेगळं. परदेशी पासपोर्ट असणाऱ्यांना प्रवेशशुल्क बरंच जास्त आहे. अमेरिकेतून किंवा दुबईतून नातेवाईक येणार असतील आणि त्यांच्याकडे तिथलं नागरिकत्व असेल तर त्यांना हे आधीच सांगून ठेवा. दर बदलत असतात, म्हणून मी इथे आकडे देत नाही. परवाना काढाल त्या दिवशीचा दर खरा.

हे जवळ ठेवा :
- प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र. आधार चालतं.
- त्याच ओळखपत्राच्या दोन-दोन झेरॉक्स. वंडूरला झेरॉक्सचं दुकान शोधायची वेळ येऊ देऊ नका.
- लहान मुलांचंही आधार किंवा जन्मदाखला.
- परदेशी नागरिक असल्यास पासपोर्ट आणि विमानतळावर मिळालेले कागद.
- परवाना व बोटीचं तिकीट, दोन्हीची छापील प्रत. फोनवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वंडूरला रेंजचा भरवसा नाही.
- सुटे पैसे, रोख.

परवाना आदल्या दिवशीच हातात असू द्या. 'धक्क्यावर जाऊन बघू' असं केलं तर गर्दीच्या हंगामात रिकाम्या हाताने परत यावं लागतं, कारण बोटी मोजक्या आणि त्यांतल्या जागाही मोजक्या.

ड्रोन मात्र घरीच ठेवा. अंदमानात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

४. आदल्या रात्रीची पिशवी

हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण दिवस बिघडतो तो इथेच.

बेटावर एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक नेता येत नाही. हा नियम कागदापुरता नाही. वंडूरच्या धक्क्यावर टेबल मांडलेलं असतं आणि तुमची पिशवी खरोखर उघडून बघतात. पहिल्या खेपेला माझ्या पिशवीतून काय काय निघालं ते ऐका : बिस्किटांचे तीन पुडे, चिप्सचं पाकीट, पाण्याच्या दोन बाटल्या, ओले कपडे ठेवायला घेतलेल्या दुकानाच्या पिशव्या, आणि तळाशी केव्हाचं तरी पडलेलं गोळीचं चकचकीत कागद. हे सगळं टेबलावर ओळीने मांडलं गेलं. मागे रांग, पुढे बोट सुटायची घाई. तिथल्या बाई शांतपणे एकेक वस्तू बाजूला करत होत्या. वॉटरप्रूफ फोनचं कव्हर, चष्म्याची डबी, क्रीमची ट्यूब अशा लागणाऱ्या वस्तू त्यांनी मोजल्या, आकडा लिहून घेतला आणि सांगितलं, परत येताना एवढ्याच दाखवायच्या. बाकीचं धक्क्यावरच राहिलं.

म्हणून आदल्या रात्री पिशवी पूर्ण रिकामी करा, झटका, आणि मग भरा.

पाणी : प्लास्टिकची बाटली चालत नाही. धक्क्यावर पाण्याचे कॅन अनामत घेऊन भाड्याने मिळतात, पण घरून स्टीलची बाटली नेणं सगळ्यात सोयीचं. तिथलं ऊन अंगातलं पाणी शोषून घेतं. माणशी दीड लिटर तरी हवंच.

खाणं : बेटावर चहासुद्धा मिळत नाही. इथे आपल्या शिदोरीचा खरा उपयोग होतो. दुसऱ्या खेपेला आम्ही घरून दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. दोन दिवस छान टिकल्या. त्या सुती फडक्यात बांधून स्टीलच्या डब्यात भरल्या, बरोबर शेंगदाण्याचे लाडू. टेबलावर डबा उघडून दाखवला आणि एका मिनिटात सुटलो. केळी चालतात, पण सालं परत आणायची. खरकटं वाळूत पुरायचं नाही.

औषधं : सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी प्लास्टिकचीच असते. ती लपवू नका, उलट आधी काढून दाखवा. औषधाला कुणी अडवत नाही, मोजून देतात. बोट लागत असेल त्यांनी उलटीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा तास घ्यावी.

कपडे : पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा टीशर्ट आणि गुडघ्याखाली येणारी पँट. पाण्यावर पालथं तरंगताना पाठ भाजते आणि ते रात्री झोपताना कळतं. सनस्क्रीनमधली काही रसायनं, विशेषतः ऑक्सिबेन्झोन, प्रवाळांना घातक ठरतात. म्हणून क्रीम कमी आणि कापड जास्त हा सरळ हिशेब. घरातल्या मोठ्या बायकांना साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पँट घालायला आग्रहाने सांगा. कारण पुढे येतंच आहे.

पायात पट्ट्याची रबरी सँडल. साध्या स्लिपर पाण्यात निसटतात, आणि किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे काचेसारखे लागतात. ओल्या कपड्यांसाठी कापडी पिशवी, बसायला जुनी चादर. वाळूत बारीक चावरे किडे असतात, नुसत्या वाळूत लोळू नका.

५. वंडूरपर्यंत

पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमपासून, वंडूरचा धक्का पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. गाडीने तासभर धरा. मोहनपुरा बसस्थानकातून बस सुटतात, पण सकाळची पहिली बोट गाठायची असेल तर टॅक्सी किंवा रिक्षा आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, आणि जाऊन-येऊन ठरवा. दुपारी वंडूरहून परतीची रिक्षा मिळेलच असं नाही.

अंदमान इतकं पूर्वेला आहे की तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपल्याआधी उगवतो. हिवाळ्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतोही. आपल्या सवयीने 'आठला निघू' म्हणाल तर उशीर झालाच. आठ वाजता धक्क्यावर हजर असा.

बोटीत चढण्याआधी तिथलं स्वच्छतागृह वापरून घ्या, लहान मुलांना तर नक्कीच न्या. पुढच्या चार-पाच तासांचा भरवसा धरू नका. वेळ असेल तर धक्क्याजवळचं वनखात्याचं छोटं माहिती केंद्र बघा. मुलांना पुढे पाण्यात काय दिसणार आहे ते आधी चित्रात दिसतं.

६. बोटीतला तास

प्रवास साधारण तासाभराचा. बराचसा मार्ग बेटांच्या मधून जातो, त्यामुळे पाणी शांत असतं. दोन्ही बाजूंना कांदळवन थेट पाण्यात उतरलेलं. या उद्यानाची स्थापना १९८३ ची, क्षेत्र सुमारे २८१ चौरस किलोमीटर, आणि त्यात पंधरा बेटं. त्यांतल्या एकाच बेटावर एका वेळी आपल्याला पाय ठेवता येतो. बाकीची बेटं नुसती बघायची. मला ते फार आवडलं.

लाइफ जॅकेट घाला आणि पट्टे बांधा. उकडतं म्हणून मांडीवर ठेवू नका.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि तिथून तुम्हाला काचेच्या तळाच्या छोट्या होडीत उतरावं लागतं. मग किनाऱ्याशी गुडघाभर पाण्यात पाय टाकायचा. दोन्ही होड्या हलत असतात. गुडघेदुखी असलेल्या माणसाला हे जमतं, पण घाई केली तर नाही. सासूबाईंना आम्ही सगळ्यांत शेवटी उतरवलं. दोन्ही बाजूंनी हात दिला आणि त्यांची पिशवी भाच्याकडे. बोटीवरची माणसं मदत करतात, फक्त त्यांना आधी सांगून ठेवा. साडीचा हट्ट नको म्हटलं ते याचसाठी.

७. बेटावरचे दोन तास : काय आधी, काय नंतर

उतरल्या उतरल्या लोक फोटो काढत बसतात, आणि ऊन चढेपर्यंत पाण्यात जायचं राहून जातं. उलट करा.

काचेच्या होडीची छोटी फेरी बहुतेक वेळा भाड्यात धरलेली असते, मोठ्या फेरीचे पैसे वेगळे. पोहता न येणाऱ्यांनी, वयस्कर माणसांनी मोठी फेरी जरूर घ्यावी. सासूबाई आयुष्यात कधी समुद्रात डोकं घालणार नव्हत्या. त्या काचेवर ओणव्या झाल्या आणि अर्धा तास मान वर केली नाही. फेरी संपल्यावर एवढंच म्हणाल्या, 'खाली बाग आहे गं.'

पोहता येत नसलं तरी स्नॉर्कल करता येतं, म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघायचं. वाटाड्या तुम्हाला टायरसारख्या तरंगत्या कड्याला धरायला सांगतो आणि ओढत नेतो. तोंडाने श्वास घ्यायची सवय मात्र लागते. जाण्याआधी गावातल्या तलावात, नाहीतर तारकर्ली-मालवणला गेलात तर तिथे, हा सराव करून घ्या. मालवणलाही आपलं स्वतःचं सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासूनचं, आणि तिथेही प्रवाळ आहेत. मुखवटा घालण्याआधी केस मागे घ्या, नाहीतर कडेने पाणी शिरतं. मिशा असलेल्यांनाही हा त्रास होतो.

खाली काय दिसेल? टीव्हीवरचे भडक रंग डोक्यात ठेवून जाऊ नका. जिवंत प्रवाळ पुष्कळदा तपकिरी, हिरवट, मातकट दिसतो. हा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानात २०१० साली हे मोठ्या प्रमाणावर झालं, २०१६ लाही झालं. म्हणजे जो पांढराशुभ्र प्रवाळ बघून आपण 'किती सुंदर' म्हणतो, तो आजारी असतो. हे कळल्यावर माझी बघायची नजरच बदलली. सांबराच्या शिंगांसारखे फाटे, मेंदूसारख्या वळ्यांचे गोळे, त्यांत लपणारे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, ओठ मिटणारे मोठाले शिंपले. पोपटमासा दिसला तर कान देऊन ऐका, प्रवाळ कुरतडल्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट येतो. तो प्रवाळाचा दगड पोटात दळला जातो आणि वाळू होऊन बाहेर पडतो. तुम्ही उभे असलेल्या पांढऱ्या वाळूतला काही भाग असा तयार झालेला असतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. दमलात, घाबरलात, मुखवट्यात पाणी गेलं तर प्रवाळावर उभे राहू नका. पाठीवर वळा, लाइफ जॅकेट तुम्हाला धरून ठेवतं, आणि वाटाड्याला हाक मारा. डोक्याएवढा गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. तुमचा एक पाय त्याची वीस वर्षं मोडू शकतो. आमच्या शेजारी एक गृहस्थ त्यावर उभे राहून फोटो काढून घेत होते. मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, लगेच उतरले. तुम्हीही सांगा.

पायात पोहण्याचे पंख नवख्यांनी घालू नयेत. त्यांनी वाळू उडते आणि ती प्रवाळावर बसते.

दाखवून दिलेल्या भागाबाहेर पोहू नका. अंदमानच्या खाडी-कांदळवनांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि रखवालदार शिटी वाजवतात ती उगाच नाही.

८. शंख उचलायचा नाही

मुलांना हे नुसतं 'नियम आहे' म्हणून सांगितलं तर पटत नाही. माझी भाची नऊ वर्षांची. तिने किनाऱ्यावर एक सुंदर तपकिरी ठिपक्यांचा शंख उचलला आणि मुठीत धरला. मी तिला म्हटलं, हात उघड आणि तळवा वाळूवर ठेवून एक मिनिट थांब. आधी काहीच झालं नाही. मग शंखाच्या तोंडाशी दोन बारीक केसासारख्या मिशा हलल्या, एक लालसर नांगी बाहेर आली, आणि शंख उचलून तो खेकडा चालू लागला. या खेकड्याचं पोट मऊ, उघडं असतं. रिकामा शंख हेच त्याचं घर. मोठा झाला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. किनाऱ्यावर पडलेला रिकामा शंख म्हणजे कुणाचं तरी पुढचं घर. भाचीने त्यानंतर एकही शंख उचलला नाही. शिवाय इतरांवर लक्ष ठेवलं.

मोठ्यांसाठी कायद्याची भाषा : प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. मेलेला, तुटलेला, वाहून आलेला तुकडासुद्धा आणायचा नाही. विमानतळावर सामान तपासताना तो सापडतो, जप्त होतो आणि पुढची चौकशी मागे लागते. बाजारातून शंखाच्या वस्तू घेतल्या तर पावती जपून ठेवा.

९. परतताना

बोटवाल्याने सांगितलेली वेळ घड्याळात गजर लावून ठेवा. फोनला रेंज नसते, कुणी शोधायला फोन करणार नाही. निघण्याआधी चादर झटकून बसलेली जागा एकदा बघा : केळीची सालं, केसांचे रबर, मुलांच्या टोप्या. दुसऱ्याचं काही पडलेलं दिसलं तर तेही उचला, धक्क्यावरच्या यादीत जास्तीचं प्लास्टिक दाखवलं म्हणून कुणी रागावत नाही.

वंडूरला उतरलात की आधी मोजणीच्या टेबलाकडे जा. मोजलेल्या वस्तू दाखवा, कॅन परत करा, अनामत घ्या. ही रांग लांबते, म्हणून घरातल्या एकाला पुढे पाठवा आणि बाकीच्यांनी सावकाश उतरावं. मग धक्क्याबाहेर शहाळं घ्या. दुपारी दोन-तीनपर्यंत मोकळे होता, तासाभरात शहरात. आंघोळ करून अंगावरचं मीठ उतरवलं की त्याच संध्याकाळी सेल्युलर जेलचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम आरामात गाठता येतो. त्याचं तिकीट मात्र सकाळी वंडूरला निघण्याआधीच हातात असू द्या.